देऊळ बंद, मग दूर्वावालीचं काय?

आमच्या लिंबागणेशला भालचंद्र गणपतीचं जुनं देऊळ आहे. शापाने तेज गमावलेल्या चंद्राने इथे तप केलं आणि गणपतीने त्याला आपल्या कपाळी धारण केलं, अशी कथा. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, आसपासची मंडळी दर्शनाला येतात. त्यांच्या जिवावर दूर्वा-नारळ विकणाऱ्या, चहा-फराळाचं बघणाऱ्या बायकांचा संसार चालतो. आपला धंदा ‘पर्यटन’ या भारदस्त नावाखाली येतो, हे त्यांच्या गावीही नसेल. पण आल्यागेल्याची सोय करून चार पैसे मिळवायचे, याहून पर्यटन ते काय वेगळं?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे राज्यातली देवळं बंद झाली, ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप, ते थेट ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला निघालं. मधे २७ जुलैची अंगारकी आली न् गेली. दूर्वांच्या जुड्या बांधायच्या तरी कुणासाठी?

सरकारने काहीच केलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. १ जून २०२० ला केंद्राने फेरीवाल्यांसाठी ‘स्वनिधी’ योजना काढली. तारणाशिवाय १०,००० रुपयांचं कर्ज, वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के सूट. पण ती शहरात विकणाऱ्यांसाठी! बीडच्या रस्त्यावर हातगाडी लावणारीला ते मिळू शकत होतं, खेड्यातल्या देवळापाशी बसणारीला नाही. २८ जून २०२१ ला प्रवासी कंपन्यांना १० लाख आणि मान्यताप्राप्त गाइडांना १ लाखापर्यंत सरकारी हमीचं कर्ज जाहीर झालं. राज्याने १ एप्रिल २०२१ पासून नोंदणीकृत हॉटेलांना वीज आणि मालमत्ता कर उद्योगांच्या दराने लावायचं ठरवलं.

आता गिऱ्हाईकच नाही, तर कर्जाचा हप्ता भरायचा कुठून? महिनाअखेरीला डबे खरवडणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हे कळतं. मला वाटतं, अशा वेळी आधी हातात रोकड द्यावी, कर्जाचं नंतर बघावं. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने फेरीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर केले. रक्कम किराण्यालाही पुरायची नाही, पण रीत बरोबर होती. तेही पुन्हा ‘नोंदणीकृत’ फेरीवाल्यांनाच! जिथे तिथे हा शब्द आडवा येतो.

तेव्हा मैत्रिणींनो, दिवस बरे आहेत तोवर कागद करून ठेवा. केंद्राची ‘उद्यम’ नोंदणी मोफत होते, आधार लागतं. कुणी एजंट पैसे मागू लागला तर सरळ वाटेला लावा. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्न परवान्याची नोंदणीही हवी. आणि धंद्याचे पैसे घरखर्चात मिसळू नका, बँकेत खातं वेगळं ठेवा.

राज्याने २०२३ साली खास बायकांसाठी ‘आई’ नावाचं पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाच्या व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज, ठरलेल्या मर्यादेत, सरकार परत करतं. हप्ते मात्र वेळेवर गेले पाहिजेत. व्यवसाय बाईच्या मालकीचा हवा, तिनेच चालवलेला हवा आणि निम्म्या कामकरी बायका हव्यात. खानावळीत आपण राबायचं आणि कागदावर मालक ‘हे’, असं असेल तर अर्ज करण्याआधी घरात बोलून ते नाव बदलून घ्या. अर्ज पर्यटन संचालनालयाकडे करायचा. आपल्या मराठवाड्यासाठी त्यांचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे.