वर्गातली उतरंड आणि 'न्यू किड'

शाळेत कोण कोणाशेजारी बसतो, मधल्या सुट्टीत कोण कोणाच्या डब्यात हात घालतो, वाढदिवसाचे बोलावणे कोणाला जाते आणि कोणाला जात नाही, या गोष्टी मोठ्यांना पोरखेळ वाटतात. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या समाजाच्या उद्धारकर्त्याने घरून नेलेल्या गोणपाटावर, सर्वांपासून वेगळे बसून शाळेत अक्षरे गिरवली, त्या समाजाला वर्गातली बसण्याची जागा हा पोरखेळ वाटूच शकत नाही. म्हणून अमेरिकेत याच विषयावर निघालेल्या मुलांच्या चित्रकथांकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

तिकडे साधारण सहावी ते आठवीच्या शाळेला मिडल स्कूल म्हणतात. या वयातील मुलांचे गट, त्यांचे रुसवे, चढाओढ आणि 'वर्गात आपला भाव किती' ही चिंता, यांवर गेल्या पंधरा वर्षांत चित्रकादंबऱ्यांची मोठी लाट आली. रैना टेलगेमायर यांची 'स्माइल' 2010 साली आली. पडलेले दात, तोंडातल्या तारा आणि चिडवणाऱ्या मैत्रिणी यांची ती लेखिकेची स्वतःचीच कहाणी. 2017 साली शॅनन हेल यांची 'रिअल फ्रेंड्स' आली. तिच्यात मुलींचा एक गट आहे आणि त्या गटाची एक पुढारीण आहे. तिच्या जवळ कोण आणि लांब कोण, यावर प्रत्येकीची पायरी ठरते. खालच्या पायरीवरची मुलगी वरच्या पायरीकडे डोळे लावून बसते आणि आपल्याही खाली कोणी आहे यात समाधान मानते.

वाचकहो, हे वर्णन ओळखीचे वाटते ना? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ते याचसाठी. वरच्याचा मत्सर आणि खालच्याचा तिरस्कार, यांवर ती उतरंड टिकून राहते. मात्र एक फरक विसरता कामा नये. शाळेतल्या गटातून मुलगी बाहेर पडू शकते, नव्या मैत्रिणी जोडू शकते. तारा निघतात, दात सरळ होतात. जी पायरी जन्माने मिळते तिचे काय? हा प्रश्न या गोऱ्या मुलींच्या कथांत येत नाही. तो यायला एका काळ्या लेखकाची लेखणी आणि कुंचला लागला.

जेरी क्राफ्ट यांची 'न्यू किड' 2019 साली प्रसिद्ध झाली. लेखन त्यांचे आणि चित्रेही त्यांचीच. नायक जॉर्डन बँक्स हा सातवीतला काळा मुलगा. राहतो न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स भागात. त्याला चित्रकलेच्या शाळेत जायचे आहे, पण आईवडील त्याला शुल्कात सवलत मिळवून एका श्रीमंत खासगी शाळेत घालतात. तिथे काळी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जॉर्डन रोज बसने निघतो तेव्हा वस्तीगणिक आपले रूप बदलतो. एका भागात डोक्यावर टोपी ओढून कणखर चेहरा करायचा, तर दुसऱ्या भागात टोपी उतरवून निरुपद्रवी दिसायचे. बारा वर्षांच्या पोराला हा हिशोब करावा लागतो.

या शाळेत उघड शिवीगाळ फारशी नाही. सगळे सभ्य आहेत. पण वर्गशिक्षिका ड्रू नावाच्या काळ्या विद्यार्थ्याला वारंवार दुसऱ्याच एका काळ्या मुलाच्या नावाने हाक मारते. गणित शिकवणाऱ्या काळ्या शिक्षकाला वर्षानुवर्षे खेळाचा प्रशिक्षक समजले जाते. काळ्या मुलांसाठी म्हणून सुचवलेल्या पुस्तकांत गुन्हेगारी आणि दुःखाशिवाय दुसरे काही नसते. जेवणाच्या हॉलमध्ये भांडण होते तेव्हा दोष आपोआप ड्रूच्या माथी बसतो. त्या क्षणी आजवर चूप राहून वहीत चित्रे काढणारा जॉर्डन तोंड उघडतो आणि खरे काय ते सांगतो. आमच्या मते हाच पुस्तकाचा गाभा आहे. सर्वांचा लाडका होण्यापेक्षा मित्रासाठी साक्ष देणे त्याला मोठे वाटते.

बालसाहित्यासाठी 1922 पासून दिले जाणारे न्यूबेरी पदक 2020 साली या पुस्तकाला मिळाले. चित्रकादंबरीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि पुढच्याच वर्षी, 2021 साली, टेक्सासमधील केटी येथील शाळांतून हे पुस्तक काढून घेतले गेले. काही पालकांची तक्रार होती की यामुळे गोऱ्या मुलांना अपराधी वाटेल. फेरतपासणीनंतर पुस्तक परत कपाटात आले. पण ड्रूचे नाव रोज चुकते तेव्हा त्याला काय वाटत असेल, याची तक्रार त्या पालकांपैकी कोणी केली नव्हती. आपल्याकडे जातीचा उल्लेख केला की 'तुम्हीच जातीयवाद वाढवता' असे ऐकवणारे आणि हे पालक एकाच माळेचे मणी आहेत.

जॉर्डनच्या वस्तीपासून थोड्याच अंतरावर कोलंबिया विद्यापीठ आहे. तेथे बाबासाहेब 1913 ते 1916 शिकले. 1946 साली त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो आणि अस्पृश्य यांच्या प्रश्नातील साम्य नोंदवले. 1972 साली दलित पँथरने नाव घेतले तेही ब्लॅक पँथरवरून. तेव्हा जॉर्डन आपल्याला परका नाही.

आपलाही जॉर्डन आज शाळेत जातो आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला त्यातून सूट दिली. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. दार पुन्हा उघडले. पण दारातून आत गेलेल्या मुलाला आडनाव विचारले जाते, कुठे राहतोस विचारले जाते, आणि त्या उत्तरावर त्याची वर्गातली पायरी ठरते. त्याला कोणते पुस्तक आपण हाती देतो?

'अमर चित्र कथा'ने 1979 साली बाबासाहेबांवर अंक काढला. 2011 साली दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांच्या चित्रांतून 'भीमायन' साकारले आणि तहानलेला शाळकरी भीम जगभर पोहोचला. ही कामे मोलाची आहेत. पण त्यांत महापुरुष आहेत. आजच्या सातवीतल्या मुलाला महापुरुषाबरोबर आपल्यासारखा एक साधा मुलगाही हवा असतो; चुकणारा, हसणारा, डबा खाणारा, प्रसंगी मित्राच्या बाजूने उभा राहणारा.

आपल्या वस्त्यांत भिंती रंगवणारे, जयंतीचे देखावे उभारणारे चित्रकार कमी नाहीत. कलामहाविद्यालयांतूनही आपली मुले बाहेर पडत आहेत. कर्डकांच्या जलशाने निरक्षर माणसापर्यंत विचार नेला. मुलांपर्यंत तो नेण्याचे काम चित्रकथा करू शकते. येत्या जयंतीला एखाद्या मंडळाने ध्वनिक्षेपकाच्या भाड्यातला थोडा पैसा अशा एका पुस्तकासाठी बाजूला ठेवावा. आपल्या मुलाची गोष्ट आपण सांगितली नाही, तर त्याचे नाव दुसरेच कोणीतरी चुकीचे घेत राहील.