स्वरांवरची आडवी पट्टी

टेबलावर बोटांनी सहा सारखे ठोके द्या. पहिल्या आणि चौथ्या ठोक्यावर किंचित जोर द्या : एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. आता तेच सहा ठोके, त्याच गतीने. पण जोर पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्यावर : एक-दोन, एक-दोन, एक-दोन. ठोके तेवढेच, वेळही तेवढाच, तरी चाल बदलली. लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या १९५७ मधल्या ‘वेस्ट साइड स्टोरी’तले ‘अमेरिका’ हे गाणे या दोन चालींच्या आलटापालटीवरच उभे आहे.

हा फरक कागदावर कसा दाखवायचा? पाश्चात्त्य स्वरलेखनात स्वर म्हणजे एक ठिपका आणि त्याला उभी दांडी. स्वर लहान असेल तर दांडीला शेपटी येते. असे लहान स्वर लागोपाठ आले, की शेपट्या काढून दांड्यांची टोके एका जाड आडव्या पट्टीने जोडतात. हिला ‘बीम’ म्हणतात. एका पट्टीतले स्वर वाचणाऱ्याला एका नजरेत एक गट म्हणून दिसतात. पं. भातखंड्यांच्या स्वरलिपीत एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली अर्धचंद्र काढतात, त्याच्या जवळचीच ही कल्पना.

आज हे स्वरलेखन बहुतेक संगणकावरच होते. आपण स्वर भरत जायचे, पट्ट्या सॉफ्टवेअर जोडते. त्याला आधार असतो तो सुरुवातीला वर-खाली लिहिलेल्या दोन अंकांचा. ६/८ असेल तर सहा स्वर तीन-तीनमध्ये बांधायचे. ३/४ असेल तर दोन-दोनमध्ये, किंवा सहाही एका पट्टीत. पण तीन-तीनमध्ये कधीच नाही, कारण मग ते ६/८ सारखे दिसेल. ४/४ मध्ये आठ स्वर चार-चारमध्ये चालतात; मात्र मधोमध, तिसऱ्या ठोक्याआधी, पट्टी तुटलीच पाहिजे.

इथवर संगणक चुकत नाही. अडचण येते ती नुसत्या बेरजेवरून विभागणी कळत नाही तिथे. झपताल दहा मात्रांचा, सूलतालही दहाच मात्रांचा; पण पहिल्याचे खंड दोन-तीन-दोन-तीन, दुसऱ्याचे पाचही दोन-दोनचे. केवळ ‘दहा’ म्हटल्यावर ताल कसा ओळखणार? ७/८ चेही तसेच. रूपकातली रचना लिहायची तर पट्ट्या तीन-दोन-दोन हव्यात. सॉफ्टवेअरने आपल्या सवयीने दोन-दोन-तीन जोडल्या, तर व्हायोलिनवादक तिसऱ्या मात्रेवर जोर देईल आणि तबला एकीकडे, व्हायोलिन दुसरीकडे अशी गत होईल. बेला बार्टोक यांनी ‘मिक्रोकॉसमॉस’च्या अखेरच्या सहा बल्गेरियन नृत्यांपैकी पहिल्याच्या सुरुवातीला नुसते नऊ न लिहिता चार-दोन-तीन अशी फोड लिहिली, ती उगाच नव्हे.

यातली मेख अशी, की संगणकाकडून रचना वाजवून घेतली तरी ही चूक कानाला कळत नाही. पट्टी कुठेही तोडली, तरी स्वराची लांबी बदलत नाही. चूक उघडी पडते ती माणूस कागद समोर ठेवून पहिल्यांदा वाजवायला बसतो तेव्हा. त्याच्याजवळ मोजत बसायला वेळ नसतो. डोळ्यांना जो गट दिसतो, तोच हातातून उतरतो.

म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरने दोन गोष्टी कराव्यात. ठरलेल्या तालात नियम बिनचूक पाळावा आणि जिथे एकाहून अधिक उत्तरे आहेत, तिथे निर्णय लिहिणाऱ्याच्या हाती द्यावा. म्यूझस्कोर, डोरिको, लिलीपाँड यांत अशी फोड आपल्याला आधीच ठरवून देता येते. गाण्याच्या ओळीतही हा निर्णय लागतो : जुन्या छापील प्रतींत शब्दाच्या प्रत्येक अक्षराबरोबर पट्टी तुटे, आता ती सहसा ठोक्याप्रमाणे जोडतात.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, प्रिंट काढण्याआधी एकदा हाताने टाळी देऊन पाहावे. जोर जिथे पडतो तिथेच नवी पट्टी सुरू होत असेल, तर कागद वादकाच्या हाती द्यायला हरकत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)