तळाचाही हिशेब मांडला पाहिजे

समुद्र म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाटा येतात, होड्या येतात, पापलेट-सुरमई येते. समुद्राच्या तळाला, खाडीच्या चिखलात काय आहे, याचा विचार फारच थोडे लोक करतात. आणि सोलापूरसारख्या कोरड्या जिल्ह्यातल्या माणसाने तो का करावा, असेही कोणी विचारील. सुकट आणि बोंबील यांपलीकडे समुद्राशी आपला संबंध तो काय? आमच्या मते संबंध आहे. तो पोटाचा आहे, तसाच न्यायाचाही आहे. म्हणून गोव्यातील शास्त्रज्ञांनी खाडीच्या तळावर केलेल्या एका संशोधनाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पळता न येणारे प्राणी

ज्यांना पाठीचा कणा नाही ते अपृष्ठवंशीय प्राणी. शिंपले, कालवे, तिसऱ्या, खुबे, खेकडे, गोगलगायी आणि नाना जातींचे कृमी हे सगळे त्यात येतात. त्यांतले कित्येक पाण्याच्या तळाशी, वाळूत किंवा चिखलात घर करून राहतात.

तिसरीचेच उदाहरण घ्या. दोन शिंपांच्या आत तिचा मऊ देह असतो. चिखलात रुतून बसलेली तिसरी दोन बारीक नळ्या वर काढते. एका नळीने पाणी आत घेते, त्यातले अन्नाचे कण कल्ल्यांवर गाळून घेते आणि दुसऱ्या नळीने पाणी बाहेर सोडते. अगदी लहान असताना ती पाण्यात तरंगत असते. पुढे तळावर उतरते आणि तिथेच तिचा संसार होतो. पाणी बिघडले तर मासा दुसरीकडे पळतो. तिसरीला तसे पळता येत नाही. वरून जे येईल ते सोसायचे, नाही तर मरायचे, एवढेच तिच्या हाती असते.

म्हणूनच शास्त्रज्ञ तळाला फार महत्त्व देतात. बाटलीत भरून आणलेले पाणी त्या दिवसाचीच गोष्ट सांगते. तळावरचे प्राणी मात्र मागच्या कित्येक महिन्यांची साक्ष देतात.

चिखलातली मोजणी

गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. या संस्थेतील सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. ए. एच. पारुळेकर यांनी मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या खाड्यांचा तळ वर्षानुवर्षे अभ्यासला. १९८६-८७ साली भारताच्या सहाव्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतृत्व त्यांनीच केले. बर्फाच्या खंडावर मोहीम नेणारा हा माणूस घरच्या खाडीचा चिखलही तितक्याच निष्ठेने चाळीत होता, हे आम्हाला विशेष वाटते.

हे काम चालते तरी कसे? होडीतून दोरीने एक लोखंडी जबडा खाली सोडतात. तळाला टेकला की तो मिटतो आणि ठरावीक क्षेत्रफळाचा चिखल घेऊन वर येतो. तो चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या बारीक चाळणीवर धुतात. चाळणीवर जे प्राणी राहतात ते औषधी द्रावणात टिकवून ठेवतात. ते नीट दिसावेत म्हणून त्यांना गुलाबी रंग देतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक प्राणी वेगळा करून जात ओळखायची, संख्या लिहायची आणि वजन करायचे. एका चौरस मीटरात किती जीव, किती जाती, याची वही अशी तयार होते. पुन्हा पुढच्या महिन्यात तीच जागा आणि तीच मोजणी. आम्ही आयुष्यभर खतावण्या लिहिणारी माणसे; पण इतकी चिकाटीची खतावणी आम्हीही कधी लिहिली नसेल.

खाण वर, मरण खाली

या वहीतून काय निघाले? १९८६ साली डॉ. पारुळेकर, डॉ. झेड. ए. अन्सारी आणि डॉ. बबन इंगोले या तिघांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गोव्यातील खाणींचा तिसऱ्यांच्या मासेमारीवर आणि खाडीच्या तळावरील जीवांवर काय परिणाम झाला, हा त्याचा विषय.

गोव्याच्या डोंगरपट्ट्यातून लोहखनिज काढले जाई. ते बार्जमध्ये भरून मांडवी आणि जुवारीतून मुरगाव बंदराकडे नेत. खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीचे डोंगर नद्यांच्या वरच्या अंगाला रचले जात. पावसाळ्यात ती माती धुपून नदीत आणि नदीतून खाडीत येई. जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा असे दिसले, की पाण्यातला तरंगता गाळ सुमारे तिपटीने वाढला आहे आणि प्राणवायू घटला आहे. तिसऱ्यांचे उत्पादन ७० टक्क्यांहून अधिक घसरले होते. तळावरचे मूळचे रहिवासी प्राणी जवळजवळ नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी थोड्या संख्येने, कसेही तग धरणारे फिरस्ते जीव आले होते.

कारण समजायला अवघड नाही. पाणी गाळून जगणाऱ्या प्राण्याच्या कल्ल्यांत बारीक माती बसली की त्याचा श्वास आणि घास दोन्ही अडतात. तळावर गाळाचा थर चढला की नव्या पिल्लांना बसायला जागा उरत नाही. डोंगरावर फावडे चालले आणि मरण खाडीच्या तळाला आले. पुढे २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी गोव्यातील खाणी थांबल्या. तळातल्या जीवांनी दिलेली साक्ष मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९८६ सालीच कागदावर आलेली होती.

ज्यांची नोंद होत नाही

या ७० टक्क्यांच्या मागे माणसे आहेत. ओहोटीला खाडीत उतरून, कमरेइतक्या पाण्यात पायाने चाचपत तिसऱ्या काढायच्या, टोपलीत भरायच्या आणि बाजारात वाटे लावून विकायच्या, हे काम कोकणात आणि गोव्यात मोठ्या प्रमाणावर बाया करतात. ज्या घराकडे होडी नाही, जाळे नाही, शेत नाही, त्या घरालाही खाडी उपाशी ठेवीत नाही. ट्रॉलरची नोंद होते, बंदरावर उतरलेल्या माशांची टनावारी होते. टोपली घेऊन घरी गेलेल्या बाईची मिळकत कोणत्या रजिस्टरात लिहिली जाते? खाणीचा नफा लिहिला गेला, निर्यातीचे डॉलर लिहिले गेले. तिच्या टोपलीतली तूट कोणी लिहिली नाही. ती लिहिली गेली ती चिखल चाळणाऱ्या शास्त्रज्ञांच्या वहीत.

आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. ज्याची मोजणी होत नाही त्याचे नुकसानही दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या नुकसानीची भरपाई कोणी देत नाही.

उपायही मोजणीतूनच

मोजणीतून फक्त रडगाणेच निघते असे नाही. केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे. १९८० नंतर तिथल्या तिसऱ्यांना परदेशातून मागणी आली. १९९१ साली उत्पादन वर्षाला १०,००० टनांपर्यंत गेले आणि अतिरेकी उपशामुळे १९९३ पर्यंत निम्म्यावर आले. मग केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासावरून नियम ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात काढणी बंद. जाळ्याचे आस मोठे, म्हणजे लहान तिसऱ्या निसटून जातील. एका किलोत १,४०० पेक्षा जास्त नग बसतील इतका बारीक माल निर्यातीला नाही. लोकांनी हे नियम पाळले आणि उत्पादन पुन्हा वर आले. २०१४ साली या मासेमारीला मरिन स्टुअर्डशिप कौन्सिल या जागतिक संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. भारतातले ते पहिलेच.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण दूर केले तर दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण. अष्टमुडीत तिचाच व्यवहारातला दाखला मिळतो.

आपली भीमा

आता घराकडे वळू. आपली भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. समुद्र आपल्याला दूर असला तरी आपल्या नदीला दूर नाही. भीमेच्या तळालाही शिंपले आहेत, गोगलगायी आहेत, किड्यांच्या अळ्या आहेत. उजनीतला मृगळ मासा तळावरच चरतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. खाली नदीपात्रातून वाळू उपसली जाते. ती वाळू म्हणजे तळच्या जीवांचे घर. तळात बाकी सगळे संपून फक्त तांबड्या अळ्या आणि बारीक तांबडे कृमी उरले, तर तिथला प्राणवायू संपत आला असे समजावे. ही खूण शाळकरी मुलालाही ओळखता येते.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मागितला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार दिला. नदीचा विचार तुकड्यातुकड्याने न करता सबंध खोऱ्याचा एकत्र करावा, हा त्यामागचा विचार होता. वरच्याने घाण सोडायची आणि खालच्याने ती प्यायची, हा न्याय त्यात बसत नाही.

गृहिणींसाठी दोन शब्द

कोकणात किंवा गोव्यात गेलात तर तिसऱ्या जरूर खाव्यात. त्यांत प्रथिने, लोह, जस्त आणि बी-१२ जीवनसत्त्व भरपूर असते. मात्र त्या जिवंत घ्याव्यात. उघड्या पडलेल्या आणि बोट लावूनही न मिटणाऱ्या टाकून द्याव्यात. पुरेशा शिजवाव्यात. गटाराजवळच्या पाण्यातल्या तर घेऊच नयेत. तिसरी पाणी गाळते, त्यामुळे पाण्यातली घाण तिच्या अंगात साठते. जंतू शिजवून मरतात, शिसे-पारा यांसारखे जड धातू शिजवून जात नाहीत.

मुलांना या वाटेने पाठवा

आपली मुले आजवर शिक्षक झाली, कारकून झाली, वकील आणि डॉक्टर झाली. नदीचा आणि समुद्राचा तळ मोजणारी किती झाली? प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करणाऱ्या मुला-मुलींनी या वाटेची माहिती घ्यावी. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, गोव्यात समुद्रविज्ञान संस्था आहे. पीएच.डी.साठी बार्टीच्या अधिछात्रवृत्तीचीही चौकशी करावी. आणि तोवर एक बादली, एक चाळणी, एक वही घेऊन महिन्यातून एकदा भीमेच्या काठी जायला कोणाची परवानगी लागत नाही. वस्तीवस्तीतल्या तरुण मंडळांनी हे काम हाती घ्यावे. वर्षभराच्या अशा नोंदी जमल्या, तर अर्ज घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत जाताना आपल्या हातात नुसती तक्रार नसेल, पुरावा असेल.

जय भीम!