वाचकांची मोजदाद कोणाच्या वहीत?

एखाद्या साप्ताहिकाने वा ग्रंथालयाने आपले संकेतस्थळ उघडले, की तेथे कोण व किती लोक येतात हे जाणण्याची उत्कंठा असते. बहुतेक जण ही मोजदाद गूगल ॲनालिटिक्सवर सोपवून मोकळे होतात. सेवा फुकट खरी, परंतु वही परक्याच्या घरी! १ जुलै २०२३ रोजी गूगलने आपली जुनी पद्धत बंद केली आणि वर्षभराने तिच्यातील नोंदीही नाहीशा झाल्या. ज्यांनी त्या वेळीच उतरवून घेतल्या नव्हत्या, ते हात चोळीत बसले.

वही आपल्याच सर्व्हरवर ठेवू देणारी मुक्तस्रोत साधने आहेत. त्यांपैकी तिघांचा विचार करू. गोॲक्सेस हे सर्व्हरने ठेवलेली रोजची नोंदच वाचून दाखविते. पानावर काही जोडावे लागत नाही. मात्र वाचकाचे सोंग घेतलेली यंत्रेही माणसांत मोजली जाऊन आकडा फुगतो.

मॅटोमो २००७ साली पिविक या नावाने निघाले. हे नाव २०१८ मध्ये बदलले. ते पीएचपी व मायएसक्यूएलवर चालते, म्हणून भाड्याच्या साध्या जागेतही मावते. कुकीच्या साहाय्याने ते परत आलेला वाचक ओळखते. प्लॉझिबल कुकी ठेवीतच नाही. आयपी पत्ता व ब्राउझरची ओळख यांत रोज बदलणारा गुप्त शब्द मिसळून ते एक खूण बनविते, आणि तो शब्द पुढे पुसून टाकते. परिणामी पाच दिवस आलेले एकच गृहस्थ महिन्याच्या हिशेबात पाच जण ठरतात! मॅटोमो त्यांना एकच धरील. अर्थात कुकी बंद केली, तर तेही दुसऱ्या दिवशी ओळख विसरते. तेव्हा दोन साधनांचे आकडे शेजारी मांडून कोणाची लोकप्रियता मोठी, हा वाद घालण्यात अर्थ नाही.

फेसबुकवरून आपल्या दारी आलेला वाचक या साधनांना दिसतो. फेसबुकच्या आत लेख किती जणांनी पाहिला, हे मात्र आपल्या सर्व्हरला कळावयाचे नाही. तो आकडा त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. व्हॉट्सॲपवरून आलेले तर पुष्कळदा ‘थेट आलेले’ म्हणून नोंदले जातात. दुव्याच्या शेवटी वेगळी खूण जोडून पाठविल्यास उलगडा होतो.

लहान संस्थेने मॅटोमो घ्यावे, असे मला वाटते. प्लॉझिबलला पोस्टग्रेस व क्लिकहाउस अशी दोन भांडारे लागतात आणि ती सांभाळणारा माणूस तेथे क्वचितच असतो. मॅटोमोचीही नवी आवृत्ती वेळेवर चढविणे व नोंदींची प्रत अन्यत्र ठेवणे, ही कामे कोणाच्या तरी नावावर आधीच लिहून ठेवावीत.