टाच धरणारा शेजारी

मोठ्या नकाशावर पहिला हल्ला कुणावर करायचा, असं भाचेमंडळी अजूनही विचारतात. मी म्हणतो, ते नंतर बघू, आधी तुझी टाच कोण धरणार ते सांग. मग ती एकमेकांकडे बघतात. मामा पुन्हा सुरू झाला. झालोच आहे. संपादकांनी या वर्षी पानांची मर्यादा सैल सोडली आहे, तेव्हा चौतीस वर्षांचा हिशेब एकदाचा मांडून टाकतो.

सिव्हिलायझेशन म्हणजे काय, चाल कशाला म्हणतात, हे सांगत बसत नाही. हा लेख उघडणाऱ्याने एकदा तरी ‘आणखी एकच चाल’ म्हणता म्हणता दूधवाल्याची सायकल ऐकलेली असणार. गांधी आणि अणुबॉम्बची ती कथाही नको. खुद्द सिड मायरने २०२० च्या आत्मकथनात ती खोडून काढली, तरी कुणी ना कुणी दर दिवाळीला ती नव्याने तळून वाढतोच.

पहिली सिव्ह १९९१ ची. आमच्यापर्यंत यायला दोनेक वर्षं लागली, आणि आली ती फ्लॉप्यांवरून. सांगलीत शिकत होतो. एका मित्राच्या खोलीवर कॉम्प्युटर होता आणि आम्ही पाच जण मिळून एकच राज्य चालवायचो: एकाकडे गिरण्या-कालवे, एकाकडे फौज, आणि माझ्याकडे, माउसवर माझा हात कधीच लागू न दिल्यामुळे, परराष्ट्र खातं. म्हणजे समोरचा राजा पडद्यावर आला की काय उत्तर द्यायचं ते मी सांगायचं. तिथून जे डोक्यात शिरलं ते अजून निघालेलं नाही. नकाशा ८० बाय ५० घरांचा. आज हसू येईल, पण तेव्हा तो पृथ्वीएवढाच वाटायचा. राजकारण अगदी कच्चं होतं: राजा यायचा, काहीतरी मागायचा, तह नाहीतर लढाई. पण दोन गोष्टी अस्सल होत्या. वकील पाठवून पैसे चारून शहर फोडता यायचं. आणि मोठ्या राज्याची राजधानी पडली तर कधीकधी त्या राज्याचे दोन तुकडे होऊन भाऊबंदकी सुरू व्हायची. गेम अमेरिकेत लिहिलेला, पण या दोन गोष्टी आम्हाला कुणी समजावून द्याव्या लागल्या नाहीत.

ब्रायन रेनॉल्ड्सच्या सिव्ह-२ ने, १९९६ साली, भालाईताने युद्धनौका बुडवायचा विनोद बंद केला. फितुरीला इथेही भाव होता. राजधानीपासून शहर जितकं दूर तितकं स्वस्त, बंडाळी चालू असेल तर निम्म्यात. खुद्द राजधानी विकत मिळत नाही. लांबचा किल्लेदार आधी फुटतो, हे ज्याने हिशेबात बसवलं त्याला माझा मुजरा. बाकी सिव्ह-२ चा उत्तरार्ध म्हणजे रेल्वे आणि हॉवित्झर. रूळ टाका, तोफा उतरवा, भिंती असोत नसोत. लोकशाही घेतली तर ऐन भरात सिनेट परस्पर तह करून मोकळी व्हायची, हा एक ताप. दोन डावांनंतर कंटाळा.

सिव्ह-३ वर मी फार वेळ घालवणार नाही. २००१. नकाशा १६० बाय १६० पर्यंत गेला आणि ‘पुढची चाल’ दाबून चहा टाकायची सवय त्या काळातली. आलं ठेचून, चहा गाळून परत यावं तरी संगणकातले राजे हललेले नसायचे. या भागात एक बदमाशी फार गाजली. शेजाऱ्याशी वाटेचा हक्क घेणारा करार करायचा, फौज त्याच्या प्रत्येक शहराच्या वेशीवर नेऊन उभी करायची आणि एकाच चालीत सगळीकडे तुटून पडायचं. आमच्यातले काही जण तो पराक्रम अजून सांगतात. सांगोत. पण त्यानंतर उरलेल्या डावात कुणी त्यांच्याशी करार करायचा नाही, तेवढं सांगायचं ते विसरतात.

आता सिव्ह-४. इथे मी बसून घेतो.

सोरेन जॉन्सनने २००५ साली हा खेळ दिला, पुढे २००६ मध्ये वॉरलॉर्ड्स आणि २००७ मध्ये बियाँड द स्वोर्ड ही दोन पुरवण्या आल्या. गेमच्या ‘बाबा येतू’ या गाण्याला पुढे ग्रॅमी मिळालं, पण माझ्या लेखी खरा चमत्कार एका लहानशा यादीत होता. राजाच्या नावावर माउस नेला की त्याच्या मनातला सगळा हिशेब अधिक-उणे चिन्हांसह उघडा व्हायचा. तुम्ही आमच्या धर्माचे, अधिक इतके. तुम्ही आमच्या वैऱ्याशी व्यापार केलात, उणे इतके. लढाईत मदत मागितली तेव्हा तोंड फिरवलंत, उणे एक. ते उणे एक तो कितीतरी चाली मनात ठेवायचा. लग्नकार्यातल्या मानापानाचा हिशेब ठेवणारी एक आत्या प्रत्येक घरात असते. इथे प्रत्येक सिंहासनावर ती बसवलेली होती.

दुसरी मोठी गोष्ट खर्चाची. जिंकलेलं शहर राजधानीपासून जितकं लांब तितकं महाग, आणि शहरांची संख्या वाढली की सगळीच महाग. खजिना रिता झाला की फौज संपावर जाते आणि पलटणी आपोआप मोडतात. आपल्याकडे एक पंथ आहे (नावं घेत नाही, दोघे तर याच अंकाचे वाचक आहेत), जो म्हणतो की कुऱ्हाडवाले घेऊन पहिल्या शंभर चालींत शेजारी कापून काढावा, राजकारण हा भेकडांचा उद्योग. छोट्या नकाशावर कापा की. ह्यूज नकाशावर, मॅरेथॉनच्या पंधराशे चालींत, न्यायालयं बांधायच्या आत दहा दूरची शहरं गिळलेला माणूस मी पाहिला आहे. पलटणी मोडताना त्याला पंथ आठवत नव्हता.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या जिव्हाळ्याची. कौटिल्याने राजमंडळात बारा राजे मोजले. मधे विजिगीषू. पुढे शत्रू, शत्रूपलीकडे मित्र, असं एकाआड एक. पाठीमागे पार्ष्णिग्राह, म्हणजे शब्दशः टाच धरणारा: तुम्ही पुढे निघालात की मागून घुसणारा. त्याच्याही मागे आक्रंद, म्हणजे ज्याला हाक मारायची तो. शिवाय मध्यम, आणि सगळ्यांच्या बाहेर, सगळ्यांहून बलवान असा उदासीन. ह्यूज नकाशावर गेम आपणहून अकरा राजे मांडतो. एकाचा फरक चालवून घेऊ.

मी खेळायचो अशोक घेऊन. सिव्ह-४ मध्ये भारताला वेगळी लढाऊ पलटण दिलेलीच नाही. दिला आहे एक चपळ मजूर. यावर आमच्या मित्रमंडळात बरीच थट्टा व्हायची. पण अशोकाला धर्म आणि राज्यपद्धती बदलताना अराजकाची एकही चाल मोजावी लागत नाही. ज्याला खूश करायचं त्याचा धर्म आज घ्यावा, गरज संपली की सोडावा. शिवाय न्यायालयं त्याला निम्म्या कष्टात. मोठ्या नकाशासाठी याहून बरा राजा मला सापडलेला नाही.

एक डाव सांगतो. पश्चिमेला मनसा मुसा: श्रीमंत, विद्या सगळ्यांना वाटणारा, फौज बेताची. पूर्वेला मॉन्टेझुमा, म्हणजे मूर्तिमंत पार्ष्णिग्राह, कारण त्याच्या मैत्रीची हमी कुणीच देऊ शकत नाही. मॉन्टेझुमाच्या पलीकडे इसाबेला, धर्मावरून अंगात येणारी. मला मनसा हवा होता. तब्बल साठ चाली मी एकही बाण सोडला नाही. मॉन्टेझुमाचा धर्म घेतला. मागेल ते दिलं, घोडेसुद्धा. मग एक चांगली विद्या समोर ठेवून म्हटलं, इसाबेलावर जा. नाही म्हणाला, आमचे हात आधीच भरलेले आहेत, अशा अर्थाचं ते ठरलेलं वाक्य. जाणकारांना ठाऊक आहे, याचा अर्थ तो कुणावर तरी निघायच्या तयारीत आहे. पुढच्या आठ-दहा चाली मी सीमेवरचं प्रत्येक घर डोळ्यांत तेल घालून पाहिलं. निघाला, तो इसाबेलावर. फुकटात!

त्याच चालीला मी मनसावर उतरलो. दगडफेकी यंत्रं पुढे, त्यांनी गर्दी खिळखिळी करायची, मागून तलवारी. चार शहरं पडली. पाचव्याच्या तटबंदीखाली उभा असताना पडद्यावर ओळ आली की मनसा मुसाने चंगीझखानाचं मांडलिकत्व पत्करलं आहे. आणि अर्थातच चंगीझखान आता माझ्याशी युद्धात आहे.

हा चंगीझखान समुद्रापलीकडचा. माझा त्याच्याशी ना व्यवहार, ना वैर. त्याची यादी उघडून शेवटची कधी पाहिली होती तेही आठवेना. टाचेचा बंदोबस्त मी चोख केला होता. उदासीनाची गणतीच केली नव्हती. त्या रात्री दिवा मालवल्यावर डोक्यात आलं ते पानिपत. नजीबखानाचं एकट्याचं बळ ते किती! त्याने बाहेरचा अब्दाली आणून उभा केला, शुजाउद्दौला तिकडे गेला, सूरजमल जाट बाजूला झाला, राजपूत घरी बसले. १४ जानेवारी १७६१ ला मैदानात काय झालं यावर आपल्याकडे कपाटं भरून लिहिलं गेलं, तोफा कुठे आणि विंचूरकर कुठे. माझं मत विचाराल तर तो डाव त्याआधीच, या चार ओळींत, बराचसा गेलेला होता. इतिहासाची मंडळी यावर रागावतात. मी संगणकाच्या खेळातून इतिहास शिकवतो, असा त्यांचा आरोप आहे. अंशतः खरा आहे.

मांडलिकाशी परस्पर तह करता येत नाही, धन्याशीच बोलावं लागतं. दोन विद्या आणि भरपूर सोनं मोजून मी चंगीझखानाकडून तह घेतला. तहानंतर दहा चाली कुणालाच शस्त्र उचलता येत नाही. तेवढ्यात जिंकलेल्या चार शहरांत न्यायालयं सुरू केली आणि फौज पूर्वेला वळवली, कारण मॉन्टेझुमाचं इसाबेलाशी आटपत आलं होतं. मांडलिक ही पद्धत सरंजामशाहीच्या विद्येबरोबर उघडते आणि मांडलिकाची निम्मी जमीन, निम्मी प्रजा आपल्या वर्चस्वात धरली जाते. म्हणजे सगळं जाळत सुटण्यापेक्षा शरण आलेला जिवंत ठेवणं मोठ्या नकाशावर फायद्याचं. हे त्या कुऱ्हाडपंथीयांना अठरा वर्षं सांगतो आहे.

पुढचं भराभर. सिव्ह-५, २०१०: षट्कोनी घरं, एका घरात एकच पलटण. लढाई सुंदर झाली आणि मोठा नकाशा म्हणजे लक्ष्मी रोडची धनत्रयोदशी झाला. वर्चस्वासाठी फक्त मूळ राजधान्या घ्यायच्या, म्हणजे राज्य जिंकायचं नाही, नुसते मुकुट गोळा करायचे. एकाने निंदा केली की पाठोपाठ चौघे करणार. दोन पुरवण्यांनंतर बरी झाली, पण माझं मन उठलं ते उठलंच.

सिव्ह-६ (२०१६) बद्दल मी सुरुवातीला वाईट बोललो होतो, ते थोडं मागे घेतो. २०१८ च्या पुरवणीतली निष्ठेची कल्पना अस्सल आहे. आपल्या वस्तीपासून लांब एकटंदुकटं शहर जिंकलं की ते काही चालींत हातचं सुटतं. घ्यायचं तर आजूबाजूचा पट्टाच एकदम घ्या. त्याच पुरवणीत चंद्रगुप्त आला आणि त्याच्या खास गुणाचं नाव काय, तर अर्थशास्त्र! धावत उघडून पाहिलं. विस्ताराचं युद्ध पुकारलं की दहा चाली फौज दोन घरं जास्त चालते आणि थोडी जोरात मारते. कौटिल्याच्या संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय, द्वैधीभाव या सहा धोरणांपैकी नुसतं यान उचललं. अर्थात जवळचा शेजारी त्याला आवडत नाही, एवढं मंडळ मात्र त्यांनी वाचलेलं दिसतं.

मराठ्यांना राज्य म्हणून भेटायचं तर स्वीडनच्या पॅराडॉक्सकडे जावं. युरोपा युनिव्हर्सालिस-४ (२०१३) मध्ये दख्खनमधलं छोटं राज्य वाढवत नेऊन मराठा साम्राज्य घडवता येतं. तिथे आक्रमकपणाचं माप लिहिलेलं असतं आणि ते वाढलं की शेजारी एक होऊन तुमच्यावर येतात. मी पहिल्याच वेळी विजापूर एका घासात खाल्लं आणि बाकीच्यांनी मला.

आणि सिव्ह-७. २०२५ च्या फेब्रुवारीत निघाली तेव्हा मोठे नकाशे नव्हतेच, ते काही महिन्यांनी आले. खेळाचे तीन कालखंड पाडले आहेत आणि कालखंड संपला की चालू युद्धं आपोआप संपतात. त्या आत्याने सुतकच फिटल्यासारखं वागायचं? कुणाशी दीडशे चाली राखलेलं सख्य, कुणाचं जपलेलं उट्टं, सगळ्यावर पाणी. पोरांना हेच बरं वाटतं. त्यांना डाव दोन तासांत हवा, आणि तोही बऱ्याचदा दुसऱ्याने खेळलेला, यूट्यूबवर, दीडपट वेगाने.

दसऱ्याला माळा आवरताना जुनी सीडी सापडली. अशोकाचा तो डाव तिच्यात होता. संपवलाच नव्हता कधी. भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर कसातरी चालवून दिला. मी पहिल्यांदा चंगीझखानाची यादी उघडली. भाचा शेजारी बसून विचारत होता, मामा, हल्ला कुणावर? तेवढ्यात मॉन्टेझुमा पडद्यावर आला आणि त्याने घोडे मागितले.

दिले.