जयपुरातील अरबीचे अध्यापन

जयपूरच्या परकोट्यातील रामगंज, घाटगेट अशा मोहल्ल्यांतून मदरशात दाखल होणारा मुलगा घरी ढुंढाडीच्या वळणाची हिंदी बोलतो, मदरशात उर्दू शिकतो, आणि या पायऱ्या चढून ज्या अरबीपाशी त्याने पोहोचावे, ती तोवर त्याने केवळ कुराणाच्या पठणातून ऐकलेली असते. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ो ही चारही अक्षरे एकाच ध्वनीने उच्चारली जात असल्याने अरबीतील त्यांचा भेद त्याच्या जिभेला परका असतो. तजवीदचा, म्हणजे शुद्ध कुराणपठणाचा, उस्ताद तो भेद पठणापुरता घोटून घेतो खरा, परंतु व्याकरणाचा तास उर्दूत चालत असल्यामुळे त्या कष्टार्जित उच्चारांना बोलण्यात स्थानच मिळत नाही.

याहून बिकट बाब लिपीची. कुराणात ज़ेर-ज़बर, म्हणजे ऱ्हस्व स्वरांची चिन्हे, छापलेले असतात. वरच्या इयत्तांच्या किताबांत ते बहुधा नसतात, आणि म्हणून शब्दाचा अंत्यस्वर कोणता हे वाक्यातील कर्ता-कर्म ओळखल्याखेरीज ठरत नाही. अन्यत्र वाचून अर्थ लावावा. येथे अर्थ लागल्यावाचून शुद्ध वाचताच येत नाही.

यावर परंपरेने योजिलेला उपाय म्हणजे दर्स-ए-निज़ामी. लखनौच्या फरंगीमहलातील मुल्ला निज़ामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने चालत आलेल्या या अभ्यासक्रमात मीज़ान, नह्वमीर ही प्रारंभीची व्याकरणे फारसीत आहेत, आणि त्या काळी फारसी ही दफ्तराची भाषा असल्याने त्यात गैर काहीच नव्हते; मात्र १८३७ साली कंपनी सरकारने फारसीचा हा दर्जा काढून घेतल्यावर, पुढे ज्या भाषेतून शिकायचे तीच विद्यार्थ्यांना अपरिचित झाली, आणि एक अपरिचित भाषा दुसऱ्या अपरिचित भाषेच्या द्वारे, उर्दू टिपांच्या आधाराने, पढविण्याचा प्रघात पडला. त्यापुढील काफिया हा ग्रंथ तर इतका सूत्रबद्ध, की त्यावरील जामीची टीका हाच स्वतंत्र अभ्यास होऊन बसतो. आमच्या पाठशाळांतून कौमुदी पाठ करून संस्कृतात पत्र लिहिताना अडणारे विद्वान ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे नवल वाटू नये. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मार्गोपदेशिका लिहून संस्कृताच्या विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यांपासून वाक्यरचनेस लावले, ते ह्याच व्यथेवर.

अरबीत ते कार्य नदवतुल उलेमाच्या १८९८मध्ये सुरू झालेल्या लखनौच्या विद्यालयाने अंगावर घेतले. तेथील अबुल हसन अली नदवींनी मुलांसाठी लिहिलेल्या पैगंबरकथांत थोडेच शब्द पुनःपुन्हा येत राहतात, आणि व्याकरण न सांगता अंगवळणी पडते. मला ही रीत निःसंशय श्रेयस्कर वाटते. पण ती राबविण्यास अरबी सहज बोलणारा शिक्षक लागतो, आणि ग्रंथ लावण्यात मुरलेला उस्ताद उत्तम टीकाकार असूनही संभाषणात अनेकदा संकोचतो.

जयपुरात मौलाना अब्दुर्रहीम मुजद्दिदी यांनी उभारलेल्या जामियतुल हिदायाने दीनी विद्येला तंत्रशिक्षणाची जोड दिली. हा विचार दूरदृष्टीचा. तथापि यंत्रशाळा, गणित, इंग्रजी यांचे तास जिथे वाढतात, तिथे कुठल्या तरी विषयाचे घटणारच, आणि भाषेच्या तासांत कात्री लावायची तर प्रथम संभाषणाचा बळी जातो, कारण लेखी इम्तिहानात त्याला गुण नसतात.