तणनाशक मातीत किती दिवस राहते?

खरिपात मक्याच्या शेतात अ‍ॅट्राझीन फवारले आणि त्याच शेतात रब्बीला हरभरा पेरला, तर कधी कधी तो नीट उगवतो, पण थोड्याच दिवसांत पिवळा पडून करपतो. अशा वेळी दोष बियाण्याचा नसतो. मक्यासाठी वापरलेले तणनाशक मातीत अजून शिल्लक असते.

अ‍ॅट्राझीन प्रकाशसंश्लेषण थांबवते. मका त्याला आपल्या पेशींत निष्प्रभ करू शकतो, हरभऱ्याला ते पुरेसे जमत नाही. बियातला अन्नसाठा संपेपर्यंत रोप तग धरते, मग त्याची उपासमार होते.

मातीत पडलेल्या अ‍ॅट्राझीनचे पुढे काय होते? काही भाग चिकणमातीच्या व सेंद्रिय पदार्थांच्या कणांना चिकटतो, काही पाण्याबरोबर खाली झिरपतो. पण यामुळे ते नष्ट होत नाही. नष्ट होण्यासाठी रेणू मोडावा लागतो. पाण्याशी क्रिया होऊन रेणूतला क्लोरीन निघाला की उरलेला पदार्थ तण मारू शकत नाही. ही क्रिया आम्लधर्मी मातीत लवकर होते, अल्कधर्मी मातीत सावकाश. दख्खनच्या बऱ्याच काळ्या जमिनी अल्कधर्मी आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दुसरे काम जिवाणूंचे. अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तणनाशक सांडलेल्या जमिनीतून स्यूडोमोनास जातीचा एक जिवाणू वेगळा केला व १९९५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो अ‍ॅट्राझीनमधला नायट्रोजन वापरून वाढतो! मात्र जिवाणूंना ओल आणि ऊब लागते. पाऊस संपून माती सुकली की विघटन मंदावते.

निम्मे रसायन संपायला लागणाऱ्या काळाला आपण अर्धायुष्य म्हणतो. अ‍ॅट्राझीनचे अर्धायुष्य ६० दिवस धरले, तर हेक्टरी १ किलोपैकी १२० दिवसांनी, म्हणजे हरभरा पेरण्याच्या सुमारास, २५० ग्रॅम उरते. पण ६० हा आकडा ढोबळ आहे. माती व हवामानानुसार तो काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत बदलतो. म्हणून त्या शेतातल्या मातीलाच विचारलेले बरे.

वर्गात हे सहज करता येईल. एका कुंडीत फवारलेल्या शेताची माती घ्या, दुसरीत त्याच शेताच्या न फवारलेल्या बांधाची. दोन्हींत मोहरी व हरभरा पेरा. पाणी व ऊन सारखेच द्या. तीन आठवडे रोपांच्या नोंदी ठेवा. फक्त पहिल्या कुंडीतली रोपे पिवळी पडली, तर हरभऱ्याऐवजी ज्वारी पेरणे शहाणपणाचे. ज्वारी अ‍ॅट्राझीन बरेच सोसते.